लाल शेपटीचा उंदीर आणि माझे दार

मी एक जुना पिंजरा आहे. पोपटाचा नव्हे हो, उंदरांचा. पोपटाचा पिंजरा लोक गॅलरीत टांगतात, आल्यागेल्याला कौतुकाने दाखवतात. मला मात्र ओट्याखाली, सिलिंडरच्या आड ढकलून ठेवतात आणि पाहुणे आले की वर फडके टाकतात. तरीही आज मी तुमच्यासमोर आलो आहे, कारण माझ्या डोक्यात एक गुंता झाला आहे आणि तो मला एकट्याला सुटत नाही. मित्रांनो, तुम्ही शाळेत जाता, चार पुस्तके वाचता. तुम्हाला तो सुटला तर मलाही सांगा.

माझा जन्म जुन्या पनवेलच्या बाजारातला. एका म्हाताऱ्या कारागिराने लाकडाची फळी घेतली, तिच्यावर तारांची जाळी वाकवून बसवली, आत एक आकडा सोडला आणि दाराला स्प्रिंग लावली. आकड्यावरचा भज्याचा तुकडा उंदराने ओढला की दार खाडकन मिटायचे. उंदराच्या केसालाही धक्का लागत नसे. दुकानात माझ्या शेजारी एक चापाचा सापळा होता, मोठा बढाईखोर. आपण एका फटक्यात निकाल लावतो, असे तो सगळ्यांना ऐकवायचा. त्याच्या पलीकडे एक चिकट पुठ्ठा होता. तो काहीच बोलत नसे, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटे. त्या दोघांमध्ये बसून मी मनात म्हणायचो, देवा, मला चांगल्या माणसांच्या घरी पाठव.

देवाने माझे ऐकले. रमाताई दुकानात आल्या. त्या, त्यांचे यजमान गुरुदत्तराव आणि मुलगी कादंबरी नुकतेच रोडपालीत नव्या फ्लॅटमध्ये राहायला आले होते. गुरुदत्तराव मुंबईला कचेरीत जात, कादंबरी कॉलेजात. रमाताई कळंबोलीच्या एका सत्संगाला जात, आणि तिथे त्यांनी महाराजांसमोर व्रत घेतले होते, की आपल्या हातून कोणत्याही जिवाला मारायचे नाही. मुंगीलाही नाही. दुकानदाराने चाप पुढे केला तेव्हा त्यांनी डोळेच मिटून घेतले. मग मला पाहिले, माझे दार दोनदा उघडून मिटवून बघितले आणि म्हणाल्या, "हा द्या. ह्याच्यात दया आहे."

मित्रांनो, त्या दिवशी माझी छाती एवढी फुगली की तारा ताणल्या गेल्या असतील.

माझे काम साधे होते. उंदीर अडकला की गुरुदत्तराव मला स्कूटरच्या पायापाशी ठेवत, वर जुना टॉवेल टाकत आणि खाडीवर नेत. तिथे तिवरांची झाडी होती, चिखल होता, मोकळे आकाश होते. ते माझे दार वर उचलत आणि उंदीर सुसाट पळून जाई. "जा बाबा, निसर्गात सुखाने राहा," असे म्हणून ते हात झटकत. झाडीच्या कडेला निळे प्लास्टिक घातलेली एक झोपडी दिसायची. ती कुणाची, आत काय आहे, हे त्यांनी कधी पाहिले नाही. त्यांना नऊची गाडी गाठायची असे.

घरात माझा मान वाढला. खंडेनवमीला शिवणयंत्र, सुरी, स्कूटर ह्यांच्या रांगेत रमाताईंनी मलाही बसवले, हळदकुंकू वाहिले आणि माझ्या कडीला लाल दोरा बांधला. पिंजऱ्याला हळदकुंकू! दुकानातल्या त्या चापाने हे पाहिले असते तर त्याची स्प्रिंगच तुटली असती.

तरी उंदीर काही संपेनात. एक सोडला की दुसरा हजर. रमाताई रोज सकाळी इमारतीच्या मागे कबुतरांना ज्वारी टाकत. कबुतरे खातील तेवढी खात आणि उडून जात. उरलेली ज्वारी कोण खाई, हे तुमच्या लक्षात आले असेल. माझ्या मात्र आले नाही. ओट्याखालून माणसाला जग फार थोडे दिसते, मग पिंजऱ्याला किती दिसणार?

गुरुदत्तरावांना शंका आली, की सोडलेलेच उंदीर परत येत असावेत. पावसाळा लागून थोडे दिवस झाले होते. कादंबरी म्हणाली, "बाबा, बघूया की!" तिने आपली नखांना लावायची लाल बाटली आणली आणि तारांतून बाहेर लोंबणाऱ्या शेपटीच्या टोकाला रंग फासला. उंदीर बावचळून गोल गोल फिरला. त्यानंतर पकडलेल्या प्रत्येक उंदराची शेपटी लाल होऊ लागली. लाल शेपटीचा एकही परत आला नाही. रमाताईंना कोण आनंद! "बघा, रमले बिचारे तिकडे," त्या म्हणाल्या. मलाही बरे वाटले. आपण सोडलेला जीव कुठेतरी सुखात आहे, ह्याहून पिंजऱ्याला आणखी काय हवे?

मग एक दिवस घात झाला. गुरुदत्तरावांनी खाडीवर मला उघडले, उंदीर पळाला आणि त्याच्यामागे कुठून तरी चार कुत्री धावत आली. उंदीर झाडीत शिरला, म्हणून कुत्र्यांनी मोर्चा गुरुदत्तरावांकडे वळवला. दया, निसर्ग, सगळे तिथेच टाकून त्यांनी स्कूटरला जी किक मारली ती थेट हमरस्त्यावर. मी चिखलात उलटा पडलो. संध्याकाळपर्यंत माझ्यात पावसाचे पाणी साठले. मला कुणी न्यायला येईल असे वाटत होते. कुणी आले नाही.

दुसऱ्या दिवशी मला गंगाबाईने उचलले. ती मासळी विकणारी कोळीण. त्या निळ्या प्लास्टिकच्या झोपडीत तिच्या नवऱ्याचे, काशिरामचे, जाळे असे. तिने मला पाण्याने खळखळून धुतले आणि म्हणाली, "बरा गावला. आता ह्या लाल शेपटीवाल्यांची खोड मोडते."

लाल शेपटीवाले! म्हणजे मी सोडलेलेच!

तिने मला झोपडीत नेले तेव्हा मी पहिल्यांदा ती जागा आतून पाहिली. मध्ये एक नवे जाळे पसरले होते. काशिरामचे जुने जाळे गेल्या हंगामात खडकाला अडकून फाटून गेले होते. पावसाळ्यात मासे अंडी घालतात, पिल्ले वाढतात, म्हणून ह्या दिवसांत कोळी होड्या वर ओढून ठेवतात. मासेमारीच्या त्या सगळ्या बंदीत बसून त्याने हे जाळे गाठ गाठ करून विणले होते. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहायचा आणि हे जाळे घेऊन करंजा बंदराच्या बाजूला निघायचे, हेच त्याने मनात धरले होते. दुसरे जाळे त्याच्याकडे नव्हते. आणि ह्या जाळ्याला जागोजागी भोके पडली होती. मुठीएवढी, काही ताटाएवढी. जाळ्याला माशांचा वास असतो, उंदरांना तो आवडतो. ते कुरतडतात, आत घर करतात. एका कोपऱ्यात तर त्या दोऱ्याचेच मऊ घरटे होते.

मी सोडलेले जीव खरोखरच रमले होते, मित्रांनो.

तुम्ही विचाराल, ह्या लोकांनी उंदरांचा बंदोबस्त का केला नाही? त्याचेही उत्तर त्या लाल रंगातच होते. पहिला लाल शेपटीचा उंदीर दिसला तेव्हा काशिरामने काठी उचलली होती. गंगाबाईने ती धरली.

"अवो, शेपटीला कुंकू हाय त्याच्या! कुनीतरी पुजलेला हाय. गनपतीचा वाहन. मारलात तर माझी शपथ हाय तुमाला."

"गनपतीचा हाय तर गनपतीच्या पायाशी बसू दे," काशिराम म्हणाला होता. "माझ्या जाळ्यात कशाला बसतोय?"

पण बायकोची शपथ मोडायची त्याची छाती नव्हती. तो रोज बसून भोके शिवायचा आणि उंदीर रोज नवी पाडायचे. एकीकडे रमाताईंचे व्रत, एकीकडे गंगाबाईची भक्ती, मध्ये काशिरामचे जाळे. हे सगळे मला तिथे भिंतीशी बसून त्या दोघांच्या बोलण्यातून कळत गेले आणि मी गप्प राहिलो. पिंजरा बोलतो तरी कुठे?

गंगाबाईने माझ्या आकड्याला सुकट लावली. लाल शेपटीचा एक उंदीर आला तो ओळखीच्या घरात शिरावे तसा निवांत. मला पाहून त्याने मिशा हलवल्या. त्याला ठाऊक होते, ह्यात काही भ्यायचे नाही. खायला मिळते, फेरफटका होतो आणि मग दार उघडते.

आता हा सोडायचा कुठे? गंगाबाईने विचार केला. मारायचा तर नाही. जवळ सोडला तर परत येणार. ती रोज रोडपालीला मासळी घेऊन जायची, तिथल्या एका इमारतीमागे जमिनीवर दाणे पडलेले तिने पाहिले होते. "तिकडं सोडते," ती म्हणाली. "मोठ्या लोकांच्यात खाईल पिईल, सुखात राहील बिचारा."

तिने मला टोपलीशेजारी रिक्षात ठेवले. टॉवेलऐवजी आता माझ्यावर गोणपाट होता. ते बाजूला झाले तेव्हा मी समोर पाहिले आणि चक्रावलोच. तीच भिंत, तीच ज्वारी, वरती रमाताईंच्या स्वयंपाकघराची खिडकी! मला ओरडून सांगावेसे वाटले, की अगं बाई, हा इथलाच आहे. तिने दार उचलले. उंदीर उतरला आणि आजोळहून घरी आल्यासारखा पाइपावरून वर गेला. इकडून तिकडे दया, तिकडून इकडे दया. कुणी कुणाला मारत नव्हते आणि सगळे मरायला टेकले होते.

हे असे किती काळ चालले असते कोण जाणे. पण पुढच्या रविवारी गंगाबाई मला घेऊन आली तेव्हा रमाताई ज्वारीची वाटी हातात घेऊन तिथेच उभ्या होत्या.

"अहो मावशी! काय करताय? उंदीर सोडताय आमच्या बिल्डिंगमागे?"

"सोडतेय, ताई. जीव हाय तो. मारायचा नाय म्हनून आनलाय."

"म्हणून आमच्याकडे? तुमच्याकडचे उंदीर आमच्याकडे आणून टाकायचे, ही कुठली रीत? माणसानं दुसऱ्याचाही विचार करावा की नाही?"

मित्रांनो, हे शब्द रमाताईंच्या तोंडून बाहेर पडले आणि त्यांची नजर माझ्यावर पडली. माझ्या कडीला खंडेनवमीला बांधलेला लाल दोरा अजून तसाच होता. मग त्यांनी खाली पाहिले. तारांतून शेपटी लोंबत होती. तिचे टोक लाल होते.

गलका ऐकून गुरुदत्तराव आणि कादंबरी खाली आले. कादंबरी वाकली, तिने शेपटी पाहिली आणि आपल्या हाताच्या नखांकडे पाहिले. रंग तोच होता.

"आई," ती हळूच म्हणाली, "हा आपला आहे."

"तुमचा?" गंगाबाईचे डोळे मोठे झाले. "म्हंजे ते कुंकू नव्हता?"

कादंबरीने बोटे मुठीत लपवली. गंगाबाई म्हणाली, "चला माझ्यासंगं. तुमच्या उंदरानं काय केलंय ते दावते."

रमाताईंना जायचे नव्हते. सुकी मासळी, तो वास, जाळी, हे सगळे त्यांनी कित्येक वर्षे टाळले होते. पण त्या गेल्या. उंदरासकट मला त्यांनी स्वतःच्या मांडीवर घेतले होते. रिक्षात त्यांचे हात माझ्या तारांवर घट्ट होते.

काशिराम झोपडीच्या दारात बसून शिवत होता. गंगाबाईने त्याला सगळे सांगितले. तो ओरडेल असे मला वाटले. त्याने फक्त सुई जाळ्यात खोवली.

"मी रोज ह्या उंदरांना शिव्या घालत व्हतो," तो म्हणाला. "त्यांना मालक हाय हे मला म्हायतच नव्हता."

"काका, आम्ही एकही मारला नाही हो," रमाताई म्हणाल्या. "मारायचा नव्हता, म्हणूनच..."

"मारला नाय, ताई. पन आमच्या गळ्यात मारलात. पुनव आली तोंडावर. सगळ्या होड्या जातील. मी काय घेऊन जाऊ, हा चाळणीसारखा जाळा?"

गुरुदत्तरावांनी पाकीट काढले. काशिरामने मान हलवली. त्याला नोटा नको होत्या, पौर्णिमेपूर्वी शिवणारे हात हवे होते. विकतचे जाळे त्याच्या होडीला बसत नव्हते.

मग जे झाले त्याने माझा गुंता आणखीच वाढला. जाळे ताणून धरायला माणूस हवा होता. गुरुदत्तराव एका टोकाला बसले. दुसऱ्या टोकाशी रमाताई नुसत्याच उभ्या. त्यांच्या चेहऱ्यावरचा प्रश्न मला स्पष्ट दिसत होता. हे जाळे शिवायला हात लावला, तर उद्या त्यात मरणारे मासे कुणाच्या माथी? आणि नाही लावला, तर हे फाटलेले जाळे कुणाच्या माथी?

"मासे धरायचं जाळं मी शिवू?" त्या कादंबरीला कुजबुजल्या.

"आई, उंदीर सोडताना हे सुचलं असतं तर," कादंबरी म्हणाली, आणि बोलल्याचे तिलाच वाईट वाटले.

रमाताई खाली बसल्या. त्यांनी जाळ्याची कड धरली, डोळे मिटले आणि ओठांत नाम सुरू केले. काशिराम शिवत होता. त्या धरून होत्या. ते नाम माशांसाठी होते, काशिरामसाठी होते की स्वतःसाठी, मला कळले नाही. त्यांनाही कळले असेल असे वाटत नाही.

दुपारी काशिराम उठला आणि त्याने मला उचलले. "आता ह्याचा काय?" असे म्हणून तो गुडघाभर पाण्यात उतरला. गंगाबाईच्या शपथेतले कुंकू आता पुसले गेले होते. तो मला पाण्यात बुडवणार हे मी ओळखले. उंदीरही ओळखून चुकला. माझ्या आत तो इतक्या जोराने धडका देऊ लागला की माझी फळी हादरली. एवढ्या वर्षांत माझ्यात कुणी मेले नव्हते.

"नको!" रमाताई ओरडल्या.

काशिराम थांबला. "मग कुठं सोडू? तुमीच सांगा, ताई. जिथं कुनाचाच नुकसान नाय अशी जागा दावा. तिथं सोडतो."

सगळे इकडेतिकडे बघू लागले. मीही पाहिले. एका बाजूला कोळ्यांची घरे. दुसरीकडे रोडपालीच्या इमारती. पळस्प्याकडे जावे तर तिकडे भाताची खाचरे. समोर तिवरांत पक्ष्यांची घरटी. मोकळी जागा म्हणून जिच्याकडे इतकी वर्षे बोट दाखवले, तिथे सगळीकडे कुणी ना कुणी राहत होते.

शेवटी रमाताई पाण्यात उतरल्या. साडी भिजली. त्यांनी काशिरामच्या हातून मला घेतले.

"आमचा आहे," त्या म्हणाल्या. "आमच्याकडेच येऊ दे."

आम्ही परत आलो. इमारतीच्या मागे त्यांनी मला खाली ठेवले आणि दाराला हात लावला. "रमा, सोसायटीवाले काय म्हणतील?" गुरुदत्तराव म्हणाले. रमाताईंनी वर, खिडक्यांकडे पाहिले. त्यांचा हात माझ्या दारावर तसाच थांबला. मग त्यांनी ते वर उचलले. माझे दार त्यांच्या हातून पहिल्यांदाच तिथे उघडले, जिथे राहणाऱ्यालाच त्याचे परिणाम भोगायचे होते.

दुसऱ्या दिवसापासून ज्वारी बंद झाली. कचऱ्याच्या डब्यांना झाकणे आली, पाइपांच्या भोकांत जाळ्या बसल्या. पण कबुतरे कठड्यावर येऊन वाट पाहत बसायची आणि रमाताई खिडकी लावून घ्यायच्या. कबुतरांना उपाशी ठेवणे ही हिंसा नाही का? मला ठाऊक नाही. गुरुदत्तराव सुट्टीच्या दिवशी जाळे धरायला जात राहिले. त्यांनी हौसेने मारलेल्या गाठी काशिराम ते गेल्यावर उसवून पुन्हा मारायचा, हे गंगाबाईनेच हसत रमाताईंना सांगितले.

एवढे करूनही जाळे वेळेत झाले नाही. नारळी पौर्णिमेला सगळ्या होड्या वाजतगाजत निघाल्या आणि काशिरामची होडी काठावरच राहिली. गंगाबाईने तरीही नारळ वाहिला. काशिराम समुद्राकडे पाठ करून बसला होता, असे कादंबरीने घरी येऊन सांगितले तेव्हा रमाताई त्या रात्री जेवल्या नाहीत. काशिराम गेला, पण मागाहून. इतरांची पहिली चांगली मासळी विकून झाल्यावर.

आता मी रमाताईंच्या गॅलरीत खिळ्याला टांगलेला आहे. पोपटाच्या जागी! माझी स्प्रिंग गंजली आहे. तो लाल शेपटीचा कधीमधी कुंपणाच्या भिंतीवरून जाताना दिसतो. रंग आता बराच उडाला आहे. त्याला पाहिले की माझा गुंता पुन्हा सुरू होतो. पावसाळ्यात माशांना वाढू देणारा आणि पौर्णिमेनंतर तेच मासे मारणारा काशिराम हिंसक, की मुंगीही न मारता त्याचा हंगाम बुडवणारे आम्ही? मी दयाळू आहे म्हणून मला विकत घेतले होते. मी खरोखर दयाळू होतो का, मित्रांनो? की मी फक्त दुःख उचलून दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवत होतो?

मला उत्तर येत नाही. लहान तोंडी मोठा घास नको, म्हणून एवढेच मागतो. तुम्हीही कधी काहीतरी सोडाल. उंदीर सोडाल, कचरा सोडाल, सांडपाणी सोडाल, रागाने एखादा शब्द सोडाल. त्या दिवशी रमाताईंचा हात माझ्या दारावर जेवढा वेळ थांबला होता, तेवढा वेळ तुमचाही हात थांबू द्या. आणि समोर कोण राहते, ते एकदा बघा.